राजगृहातला टॉबी आणि आपला अकरा महिन्यांचा करार

फेब्रुवारी १९३४ मध्ये दादरच्या राजगृहात काढलेला एक फोटो आपल्यापैकी अनेकांनी पाहिला आहे. बाबासाहेब, माता रमाई, यशवंतराव, वहिनी लक्ष्मीबाई आणि पुतण्या मुकुंद. माणसं ओळखली की आपण पुढे जातो. पण त्या फोटोत आणखी एक जण आहे. तो म्हणजे टॉबी, बाबासाहेबांचा लाडका कुत्रा.

मला हा टॉबी फार महत्त्वाचा वाटतो. का, ते सांगतो.

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळ आणि श्वपचांसाठी नियम घालून दिले आहेत. राहायचं गावाबाहेर, आणि धन म्हणून बाळगायचे ते फक्त कुत्रे आणि गाढवं! म्हणजे कुठे राहायचं आणि कोणतं जनावर बाळगायचं, हे दोन्ही दुसऱ्यांनी ठरवलेलं. तिथे कुत्रा हा सोबती नव्हता, तो हीनपणाचा शिक्का होता.

२० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर काय घडलं? ज्या पाण्याला जनावरांनी तोंड लावलेलं चालत होतं, ते आपल्या ओंजळीने बाटलं आणि शेण-गोमूत्राने शुद्ध करण्यात आलं. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडातच मनुस्मृती जाळली गेली. पण लक्षात घ्या, बाबासाहेबांचा लढा जनावरांना पाणी मिळतं म्हणून नव्हता. माणसाला माणूस मानत नाहीत म्हणून होता.

आता भाड्याच्या घराकडे या. १९१७ मध्ये परदेशात शिकून आलेले बाबासाहेब बडोद्यात नोकरीला रुजू झाले. जात कळताच कुणी जागा देईना. पारशी असल्याचं सांगून एका पारशी मुसाफिरखान्यात राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला. मित्रांकडेही आसरा मिळाला नाही. बागेत बसून वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. त्यानंतर परळच्या बीआयटी चाळीतल्या लहान खोल्यांत संसार आणि चळवळ, दोन्ही चालले. मग राजगृह उभं राहिलं. स्वतःचं घर!

म्हणून टॉबी महत्त्वाचा. जो प्राणी शिक्का म्हणून लादला होता, तोच स्वतःच्या छपराखाली, स्वतःच्या मर्जीने, कुटुंबातला एक झाला.

आज आपली पोरं पुण्या-मुंबईत भाड्याने राहतात. आडनाव विचारलं जातं, मांसाहार करता का विचारलं जातं. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेचा सभासदत्व आपल्याच समाजापुरतं ठेवण्याचा नियम मान्य केला. बडोद्याचा तो मुसाफिरखाना आठवल्याशिवाय राहतो का?

पण मित्रांनो, इथे गल्लत करू नका. जातीवरून घर नाकारणं हा अन्याय आहे. 'कुत्रा नको' ही अट तशी नाही. जात जन्माने चिकटवली जाते, प्राणी आपण निवडून आणतो. निवड आपली, तर जबाबदारीही आपलीच.

साधा हिशेब करा. भाडेकरार अकरा महिन्यांचा, कुत्र्याचं आयुष्य दहा-बारा वर्षांचं. म्हणजे त्या जिवाला तुमच्यासोबत दहा-बारा घरं बदलावी लागू शकतात. हे जमणार नसेल तर पिल्लू आणूच नका. आणायचं असेल तर घरमालकाला आधी सांगा, लपवून ठेवू नका. त्याची संमती करारात लिहून घ्या. रेबीजची लस वेळेवर द्या, महापालिकेचा परवाना काढा. जिन्यात, गच्चीवर घाण झाली तर स्वतः उचला. ती सफाई कामगारावर ढकलू नका. झाडू कुणाच्या हातात दिला गेला, हा इतिहास आपल्याला कुणी शिकवायला नको! घर बदलताना प्राण्यासह राहता येईल अशी जागा आधी शोधा, मगच जुनी सोडा.

हक्कही माहीत असू द्या. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला बहुमतानेही पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. आणि दुसरी बाजूही ऐका. पाळलेला प्राणी वाऱ्यावर सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. संविधानाच्या कलम ५१-अ मध्ये सजीवांविषयी करुणा हे नागरिकाचं कर्तव्य सांगितलं आहे. बुद्धाच्या धम्मात तर ती पायाच आहे.

घरातून हाकललं जाणं म्हणजे काय, हे आपल्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. मग खोली बदलताना मुक्या जिवाला रस्त्यावर सोडून जाणारा हात आपला कसा असू शकतो?

पुढच्या वेळी तो फोटो पाहाल तेव्हा टॉबीकडेही बघा.

जय भीम!