महामंदीतील अमेरिकी शेतकरी कुटुंब

ऑक्टोबर १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला. तेव्हापासून दुसरे महायुद्ध सुरू होईपर्यंतचे दशक अमेरिकेत महामंदीचे दशक म्हणून ओळखले जाते. प्रस्तुत नोंद त्या दशकातील ग्रामीण शेतकरी कुटुंबांच्या रोजच्या जगण्याविषयी आहे. १९३० च्या जनगणनेनुसार देशाची सुमारे पाव लोकसंख्या, म्हणजे तीन कोटींहून अधिक माणसे, शेतावर राहत होती. शेतांची संख्या ६३ लाखांच्या आसपास होती आणि त्यांतली शेकडा ४२ शेते कुळे किंवा वाटेकरी कसत होते. ही सगळी कुटुंबे एका साच्यातली नव्हती. आयोवातला मका आणि डुकरांवर जगणारा शेतकरी, कॅन्सस-ओक्लाहोमाच्या मैदानावरचा गहूवाला आणि आर्कान्सा-मिसिसिपीतला कापसाचा वाटेकरी यांच्या हालांत फार अंतर होते. तरी एक गोष्ट सगळीकडे आढळते. शेतातल्या पिकाने घर बुडवले तेव्हा ज्यांच्याकडे परसू, गाय आणि कोंबड्या होत्या त्यांचे घर तगले; आणि तो सारा पसारा घरातल्या बाईच्या हातात होता.

शेतकऱ्याची मंदी शहरातल्या मंदीच्या आठ-नऊ वर्षे आधीच सुरू झाली होती. पहिल्या महायुद्धात गव्हाला बुशेलमागे (सुमारे २७ किलो) दोन डॉलरच्या वर भाव मिळाला. त्या भरवशावर लोकांनी कर्ज काढून जमिनी घेतल्या, ट्रॅक्टर आणले, कधी न मोडलेले गवताळ रान नांगराखाली घातले. १९२० नंतर भाव पडले, कर्ज मात्र होते तेवढेच राहिले. १९३२ साली गव्हाचा सरासरी भाव ३८ सेंटांवर आला. १९२९ मध्ये पौंडाला १६-१७ सेंट मिळवणारा कापूस १९३१ मध्ये सहा सेंटांच्याही खाली गेला. आयोवा आणि नेब्रास्कात मका इतका मातीमोल झाला की कोळसा विकत आणण्यापेक्षा मकाच चुलीत घालणे स्वस्त पडे. १९२९ ते १९३२ या तीन वर्षांत देशातल्या शेतीचे निव्वळ उत्पन्न सुमारे एक तृतीयांशावर आले.

पोटापुरते बरेचसे घरचेच असल्याने परसू-गाय राखणाऱ्या कुटुंबांची मोठी अडचण रोख पैशाची होती. गहाणाचे व्याज, जमिनीचा कर, डॉक्टर, मुलांचे बूट, साखर, मीठ, कॉफी, दिव्याचे रॉकेल यांना नगद पैसे लागत. ते येत अंड्यांतून आणि सायीतून. पहाटे उजाडायच्या आत धारा काढून झाल्या की दूध क्रीम सेपरेटरमध्ये ओतायचे आणि हाताने दांडा फिरवत राहायचे. साय एका भांड्यात जमे, निवळ दूध दुसऱ्यात. निवळ दूध डुकरांना आणि वासरांना जाई. मग त्या यंत्रातल्या पत्र्याच्या पातळ चकत्या एकेक सुटी करून कढत पाण्याने धुवायच्या, कारण एखादी जरी तशीच राहिली तरी पुढची साय नासे. हे काम बहुधा मुलींकडे असे. शनिवारी सगळे घर गावात जाई. सायीचा डबा आणि अंड्यांची पेटी दुकानात उतरवायची, दुकानदाराने हिशेब करायचा, त्यातून आठवड्याचा किराणा भरायचा आणि उरलेच तर चार नाणी हातात पडायची. अंड्यांना डझनामागे पंधराएक सेंट मिळत. गव्हाचा पैसा वर्षातून एकदा येई आणि परस्पर बँकेत जाई. बारा महिने चूल पेटती ठेवली ती या फुटकळ विक्रीने.

परसातली भाजी उन्हाळ्यात दोन-अडीच महिने पिके आणि तीच वर्षभर पुरवावी लागे. टोमॅटो, घेवडा, बीट, फळे काचेच्या बरण्यांत भरून, बरण्या पाण्यात उकळून हवाबंद करायच्या. ऐन उन्हाळ्यात, लाकडाच्या किंवा मक्याच्या बुरकुंडांच्या चुलीसमोर दिवसभर उभे राहून हे काम चाले. बटाटे, गाजरे, कोबी तळघरात जात. थंडी पडली की शेजारीपाजारी मिळून डुक्कर कापत, मांस खारवून धुरावर टांगत, चरबी वितळवून डब्यांत भरत. उरलेल्या चरबीत कॉस्टिक सोडा घालून धुण्याचा साबण घरीच करत. कृषिविस्तार खात्याच्या गृहशास्त्र कार्यकर्त्या गावोगाव फिरून बरण्या भरण्याच्या शास्त्रशुद्ध पद्धती शिकवत. १९१४ च्या कायद्याने उभी राहिलेली ही यंत्रणा मंदीत खरोखर उपयोगी पडली.

कपड्यांची गोष्ट जरा सविस्तर सांगण्याजोगी आहे. पीठ आणि कोंबड्यांचे खाद्य सुती पोत्यांतून येई. पोते उसवून, त्यावरचे छापील अक्षर चरबी किंवा रॉकेल लावून, भिजवून, घासून काढायचे आणि त्या कापडाचे झबले, परकर, टॉवेल, उशीचे अभ्रे शिवायचे. अक्षर नेहमीच पूर्ण जाई असे नाही. कितीतरी मुलांच्या आतल्या कपड्यांवर पिठाच्या गिरणीचे नाव पुसटसे राहून जाई. बायका पोत्यांवर नजर ठेवून आहेत हे गिरणीवाल्यांच्या लक्षात आले आणि १९३० च्या दशकाच्या मध्यापासून फुलाफुलांची, चौकटीची पोती बाजारात आली. एका झग्याला एकाच नक्षीची दोन-तीन पोती लागत, म्हणून खाद्य आणायला जाणाऱ्या नवऱ्याला कापडाचा नमुना देऊन पाठवले जाई. उरलेल्या चिंध्यांच्या रजया होत.

१९३५ साली दर दहा शेतघरांपैकी जेमतेम एकात वीज होती. बाकीच्या घरांत रॉकेलचे दिवे, आडाचे किंवा हातपंपाचे पाणी आणि बाहेरचा संडास. धुण्याचा वार बहुतेक ठिकाणी सोमवार. पाणी ओढा, तापवा, फळीवर कपडे घासा, पिळा, वाळवा. मंगळवारी चुलीवर तापवलेल्या लोखंडी इस्त्र्या. मुले चार-चार किलोमीटर चालत एकशिक्षकी शाळेत जात आणि हंगामात शाळा बुडवून शेतावर राबत. बॅटरीवरचा रेडिओ असेल तर शेजारी ऐकायला जमत.

कर्ज थकले की लिलाव ठरलेला. १९३३ मध्ये दर हजार शेतांमागे सुमारे ३९ शेते जप्तीत गेली. आयोवात माइलो रीनो यांच्या नेतृत्वाखाली १९३२ साली फार्मर्स हॉलिडे असोसिएशन उभी राहिली, तिने माल अडवून धरण्याची हाक दिली. लिलाव हाणून पाडण्याची लोकांची स्वतःची रीतही होती. शेजारी मोठ्या संख्येने जमत, गाय, नांगर, घोडा यांना चार-पाच सेंटांची बोली लावत, बाहेरच्या माणसाला तोंड उघडू देत नसत आणि सगळे विकत घेऊन मूळ मालकाला परत करत. एप्रिल १९३३ मध्ये आयोवातल्याच ल मार्स येथे संतप्त शेतकऱ्यांनी जप्तीचे हुकूम थांबवायला तयार नसलेल्या न्यायाधीशाला कोर्टातून ओढून बाहेर काढले आणि त्याच्या गळ्यात दोर घातला. कायदा पाळणाऱ्या, चर्चला जाणाऱ्या माणसांवर ही पाळी आली, यावरून त्यांच्या कोंडीची कल्पना यावी.

मैदानी प्रदेशात मंदीत अवर्षणाची भर पडली. गवत उखडलेली माती वाऱ्यावर स्वार झाली. १४ एप्रिल १९३५ च्या रविवारी आलेल्या वादळाने भर दुपारी अंधार केला. बायका खिडक्यांवर ओल्या चादरी लावत, ताटे-पेले उपडे मांडत आणि वाढायच्या क्षणीच सुलटे करत. तरी पिठात, अंथरुणात, तान्ह्या मुलांच्या नाकात धूळ असेच; धुळीने होणाऱ्या न्यूमोनियाने अनेक मुले आणि म्हातारी माणसे दगावली. चारा संपल्यावर गुरांना वाळके काटेरी झुडूप घालत. १९३४ च्या दुष्काळात सरकारने ८० लाखांवर गुरे विकत घेतली; त्यांतली फार खंगलेली तिथेच गोळी घालून मारली जात. परसूही करपले, कोंबड्या मेल्या, तेव्हा मात्र घराचा शेवटचा आधार गेला. ओक्लाहोमातल्या शेतकरी लेखिका कॅरोलाइन हेंडरसन यांची १९३६ साली ‘अटलांटिक मंथली’त आलेली पत्रे या जगण्याचा उत्तम पुरावा आहेत. त्या स्वतः जमीन सोडून गेल्या नाहीत.

दक्षिणेतल्या वाटेकऱ्याची अवस्था सर्वांत वाईट, आणि कृष्णवर्णीय वाटेकऱ्याची त्याहूनही. अनेक मळ्यांवर मालक कापूस घराच्या उंबऱ्यापर्यंत लावायला सांगे, त्यामुळे भाजीला वीतभर जागा उरत नसे. मालकाच्याच दुकानातून उधारीवर मक्याचे पीठ, खारवलेली चरबी आणि काकवी घ्यायची आणि सुगीला हिशेब करताना काही देणे राहायचेच. या निकस आहाराने पेलाग्रा हा रोग घरोघर होता. १९३३ च्या शेती कायद्याने पीक कमी करण्यासाठी भरपाई दिली, पण ती मालकाकडे गेली आणि कित्येक वाटेकरी जमिनीवरून हुसकावले गेले. जुलै १९३४ मध्ये आर्कान्सातील टायरॉन्झा येथे गोऱ्या आणि काळ्या वाटेकऱ्यांनी मिळून संघटना स्थापली. त्या काळी, त्या मुलखात हे मोठे धाडस होते.

राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या सरकारने पुढे मृदासंधारण सेवा (१९३५), ग्रामीण विद्युतीकरण प्रशासन (१९३५), कुळांना जमीन घेण्यासाठी कर्ज देणारा कायदा (१९३७) अशी पावले उचलली. शेतावरच्या बाईचे कष्ट कमी करण्यात यांपैकी विजेचा वाटा सर्वांत मोठा ठरला. याच काळात भारतातही भावांच्या घसरणीने वऱ्हाड-खानदेशातला कापूस पिकवणारा शेतकरीही सावकाराच्या तावडीत अधिक अडकला. मध्य प्रांतात १९३३ साली आणि मुंबई इलाख्यात १९३९ साली कर्जनिवारणाचे कायदे करावे लागले.

डोरोथिया लँग यांची १९३६ ची छायाचित्रे आणि जॉन स्टाइनबेक यांची १९३९ ची ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’ ही कादंबरी यांमुळे या दशकाची आठवण म्हणजे कॅलिफोर्नियाकडे निघालेली स्थलांतरित कुटुंबे, असे समीकरण झाले. ते अपुरे आहे. धुळीच्या पट्ट्यातली बहुसंख्य कुटुंबे जागेवरच राहिली आणि ती कशी राहिली हे कळायला घरातल्या कामाकडे पाहावे लागते. त्याचे सरकारी आकडे फारसे मिळत नाहीत. १९३० च्या जनगणनेत गणकांना सूचना होती की दिवसातला थोडाच वेळ शेतात, परसात, दुधाच्या कामात किंवा कोंबड्यांमागे घालवणाऱ्या बाईच्या नावापुढे व्यवसायाच्या रकान्यात ‘काही नाही’ लिहावे. म्हणून या कामाचा अभ्यास आजही कुटुंबांच्या हिशेबवह्या, पत्रे आणि ध्वनिमुद्रित आठवणी यांच्याच आधारे करावा लागतो.