लशीचा तुटवडा व लोकांचा रोष : १९०२ आणि २०२१

भारतातील लसीकरणाच्या इतिहासाचे लेखन आजवर बहुतांशी एकाच प्रश्नाभोवती फिरत आले आहे. लोकांनी लस का नाकारली, हा तो प्रश्न होय. देवीच्या टोचणीविषयीचे समज, प्लेगच्या काळातील घरझडत्यांची दहशत, परकी सत्तेविषयीचा संशय यांचे विवेचन विपुल झाले आहे आणि ते आवश्यकही होते. तथापि त्यामुळे दुसरा एक प्रश्न मागे पडला. लोक लस मागत असता ती मिळाली नाही, तेव्हा काय घडले? २०२१ च्या एप्रिल व मे महिन्यांत करोनाच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रात जे घडले, त्याने हा प्रश्न अभ्यासकांपुढे आणून ठेवला आहे. प्रस्तुत निबंधात त्याचाच विचार करावयाचा आहे.

प्रथम जुन्या प्रकरणाकडे वळू. वॉल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःस टोचून घेतली. या लशीला सर्वत्र विरोधच झाला असे मानण्याचा प्रघात आहे. पण आगाखानांनी जाहीरपणे लस टोचून घेतल्यावर मुंबईच्या खोजा समाजातील हजारो लोक पुढे आले, हे विसरता येत नाही. १८९९ साली प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात आली. पुढे १९०२ मध्ये पंजाब सरकारने व्यापक प्रमाणावर लस टोचण्याची योजना आखली, आणि एकट्या परळवर मागणीचा सारा भार पडला. उत्पादन जलद व्हावे म्हणून कृती बदलण्यात आली. लशीत कार्बोलिक आम्ल मिसळण्याची पायरी गाळली गेली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल येथे एकाच बाटलीतील लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. हाफकिन यांना प्रमुखपदावरून दूर व्हावे लागले. दोष प्रयोगशाळेचा नसून बाटली उघडताना जमिनीवर पडलेला चिमटा निर्जंतुक न करता वापरल्याचा होता, असे रोनल्ड रॉस प्रभृतींनी १९०७ साली पुढे मांडले. म्हणजे बदललेली कृती अपघाताचे कारण नव्हती. परंतु घाईने केलेल्या त्या बदलामुळेच आरोपाला आधार मिळाला. आमच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, योजना आधी ठरली आणि लस मागाहून जमवावी लागली.

हाच क्रम २०२१ मध्ये फार मोठ्या प्रमाणावर दिसतो. १६ जानेवारीस मोहीम सुरू झाली, तेव्हा केंद्रांवर फारशी गर्दी नव्हती. १ एप्रिलपासून पंचेचाळीस वर्षांवरील सर्वांना लस खुली झाली, आणि त्याच सुमारास साथीने उग्र रूप धारण केले. ७ एप्रिल रोजी राज्याचे आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी सांगितले की, राज्याजवळ सुमारे १४ लक्ष मात्रा उरल्या असून त्या तीन दिवस पुरतील. केंद्रीय आरोग्यमंत्री हर्षवर्धन यांनी त्याच दिवशी हा आरोप निराधार ठरवला. केंद्राच्या दाराशी उभ्या असलेल्या ज्येष्ठ नागरिकास या वादाचा उपयोग नव्हता. आत लस नाही, एवढेच त्याला कळत होते.

अशा स्थितीत १ मेपासून अठरा वर्षांवरील सर्वांना लस देण्याचे जाहीर झाले. येथे थोडे गणित करणे इष्ट होईल. अठरा ते चव्वेचाळीस या वयोगटाची लोकसंख्या सुमारे ५९ कोटी. दोन मात्रांच्या हिशेबाने ११८ कोटी मात्रा हव्यात. त्या वेळी दोन्ही प्रमुख उत्पादकांचे मिळून मासिक उत्पादन साडेआठ कोटींच्या आसपास होते. सारे उत्पादन या एकाच गटास दिले असते तरी सुमारे चौदा महिने लागले असते. हा हिशेब कोणाही कारकुनास करता आला असता. तरी २८ एप्रिल रोजी नोंदणी खुली होताच पहिल्याच दिवशी एक कोटीहून अधिक लोकांनी नावे नोंदवली, आणि दोनच दिवसांनी, ३० एप्रिलपासून, मुंबई महापालिकेला साठ्याअभावी तीन दिवस लसीकरण बंद ठेवावे लागले. नव्या गटासाठी १ मे रोजी मुंबईत अवघी पाच केंद्रे उघडली. १२ मे रोजी राज्याने या गटाचे लसीकरण स्थगित करून उपलब्ध साठा ज्येष्ठांच्या दुसऱ्या मात्रेकडे वळवला. दुसऱ्याच दिवशी कोविशील्डच्या दोन मात्रांमधील अंतर बारा ते सोळा आठवडे करण्यात आले. या निर्णयास शास्त्रीय आधार होता. परंतु तो तुटवड्यासाठीच घेतला गेला असे लोकांनी मानले, आणि त्यांना दोष देता येत नाही.

लोकांच्या रोषाचे मूळ केवळ टंचाईत होते, असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही. टंचाई मुंबईकरांना नवी नव्हती. १९४३ पासून या शहराने शिधावाटप पाहिले होते. तेथे रांग लांब असे, धान्य निकृष्ट असे. पण कार्डावर आपला वाटा किती हे लिहिलेले असे, आणि रांगेतील पुढचामागचा दिसत असे. कोविनवर तो क्रमच नाहीसा झाला. ज्याचे बोट चपळ, ज्याचा फोन चांगला, त्याला वेळ मिळे. जागा काही क्षणांतच संपत. शहरातील तरुणांनी मोटारीने ग्रामीण आरोग्य केंद्रे गाठली, आणि स्वतःच्या गावच्या केंद्रावर गावकरी परके ठरले. त्यांच्या संतापाचे लक्ष्य सरकार नव्हते, शेजारच्या शहरातील माणूस होता. ही बाब राजकीय इतिहासाच्या चौकटीत सहजी बसत नाही. शिवाय एकाच लशीला तीन दर होते. कोविशील्ड केंद्रास १५० रुपयांना, राज्यास आधी ४०० व मग ३०० ला, खाजगी रुग्णालयास ६०० ला. सर्वोच्च न्यायालयाने ३१ मेच्या आदेशात अठरा ते चव्वेचाळीस वयोगटासाठी सशुल्क लसीकरणाचे धोरण प्रथमदर्शनी मनमानी व तर्कविसंगत ठरवले, आणि नोंदणी केवळ संगणकावर ठेवल्याने वंचित राहणाऱ्यांचाही प्रश्न उपस्थित केला. ७ जूनला राज्यांचा खरेदीचा वाटा केंद्राने परत आपल्याकडे घेतल्याचे जाहीर झाले. २१ जूनपासून ते अमलात आले.

आता साधनांविषयी. प्लेगच्या दफ्तरांत लस घेणाऱ्यांची गणती आहे आणि न घेणाऱ्यांविषयी अंमलदारांची तक्रारही आहे. म्हणून नकाराचा इतिहास लिहिता आला. कोविनच्या नोंदीत दिलेली प्रत्येक मात्रा दिनांक व स्थळासह सापडते; पण पहाटेपासून उभा राहून दुपारी परतलेला माणूस तेथे कोठेही नाही. त्याचा शोध वृत्तपत्रांच्या स्थानिक पानांत, न्यायालयातील अर्जांत, आणि केंद्रांच्या फाटकांवर लावलेल्या ‘लस उपलब्ध नाही’ या फलकांच्या छायाचित्रांत घ्यावा लागेल. ते फलक हाताने लिहिलेले होते व संध्याकाळी काढले जात. त्यांची छायाचित्रे आज खाजगी फोनांत विखुरलेली आहेत, आणि फोन बदलतात तशी ती नाहीशीही होत आहेत.