बटण क्रमांक आठ

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात इतिहास म्हटला की माणूस थेट सिंदखेडराजाला जाऊन पोचतो. त्याहून मागे जायचं तर लोणार आहेच; तिथे इतिहास आकाशातूनच पडला. अशा जिल्ह्यात बसून मी उंदराच्या बटणांचा इतिहास सांगू लागलो तर लोक हसणार, हे मला कळतं. (उंदीर म्हणजे कॉम्प्युटरचा. बाकीच्यांना बटणं नसतात आणि ते कुणाचं ऐकतही नाहीत.)

हा उंदीर जन्मला १९६४ च्या सुमारास, कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये. कल्पना डग्लस एंगलबार्ट यांची, बांधणी बिल इंग्लिश यांची. अंग लाकडी, बटण एकच. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत एंगलबार्ट साहेबांनी तो भरसभेत दाखवला, तेव्हा बटणं तीन झाली होती. तीनच का? तर तेवढीच मावली म्हणून! आमच्या एस.टी.त एका बाकावर माणसं बसवतात तोच हिशेब. १९७० साली पेटंट मिळालं, पण रॉयल्टीचा छदामही एंगलबार्टांच्या हाती लागला नाही.

पुढे बटणांवरून भाऊबंदकी सुरू झाली. १९८३ साली ॲपलने लिसा यंत्राबरोबर एका बटणाचा उंदीर काढला. गिऱ्हाईक गोंधळू नये म्हणून. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने दोन बटणांचा आणला. युनिक्सवाले मात्र तिसऱ्या बटणाला वडिलोपार्जित जमिनीसारखे चिकटून राहिले. (त्याच वर्षी शेगावला इंजिनिअरिंग कॉलेज निघालं, आणि बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेने यंत्रं येऊ देण्याच्या करारावर सही केली. म्हणजे माझ्या टेबलावर पुढेमागे उंदीर येणार, हे मी अर्ध्या चड्डीत असतानाच ठरलं होतं.)

युनिक्सवाल्यांची खिडक्या मांडायची जी पद्धत, ती ‘एक्स’. १९८४ साली एम.आय.टी.त निघाली आणि पुढे लिनक्सने जशीच्या तशी उचलली. तिने बटणांना नावं न देता नंबर दिले: डावं १, मधलं २, उजवं ३. १९९६ साली मायक्रोसॉफ्टच्या इंटेलिमाऊसने उंदराला चाक घरोघर पोचवलं. आता चाक म्हणजे बटण नव्हे, हे शेंबडं पोरही सांगेल. पण एक्सच्या वहीत चाकाचं खातंच नव्हतं! मग काय, चाक वर फिरलं की ४ नंबरचं बटण दाबलं असं समजा, खाली फिरलं की ५. आडवं सरकवणाऱ्यांसाठी ६ आणि ७. हेड सापडलं नाही की रक्कम ‘संकीर्ण’मध्ये टाकतात, तसंच हे. एक्सवाल्यांतही आमच्यासारखीच माणसं आहेत हे वाचून मला फार बरं वाटलं. परिणाम असा, की अंगठ्याजवळ दोन जादा बटणं आली तेव्हा त्यांच्या वाट्याला ८ आणि ९ हे नंबर आले. आठ म्हणजे मागचं पान, नऊ म्हणजे पुढचं.

हे पुराण मी उकरलं ते आमच्या निवृत्त हेड कॅशियर भाऊंसाठी. जन्मभर नोटा मोजून त्यांच्या उजव्या तर्जनीला ‘ट्रिगर फिंगर’ झालं. वाकलं की अडकतं, सरळ होताना कळ येते. भाऊ खामगावच्या कापूस बाजाराच्या आठवणी लिहीत होते. चाळिसाव्या पानावर थांबले. डॉक्टरांनी बोटाला विश्रांती सांगितली. डाव्या हाताने करून पाहिलं, पण बाण पडद्यावर गुरासारखा भटके. “राहू द्या आता,” म्हणाले, आणि यंत्रावर रुमाल टाकला.

त्यांच्या जुन्या यंत्रावर नातवाने लिनक्स घातलेलं. तिथे ‘एक्सइनपुट’ नावाचा हुकूम आहे. उंदराचा नंबर सांगायचा आणि बटणांची नवी यादी द्यायची. मूळ यादी १ २ ३ ४ ५ ६ ७ ८ ९. आम्ही दिली १ २ ३ ४ ५ ६ ७ १ ९. आठव्या जागी १. म्हणजे अंगठा दाबायचा आणि यंत्राने तर्जनी समजायची. (वेलँड नावाची नवी पद्धत आहे, तिथे हा हुकूम चालत नाही, वेगळी साधनं घ्यावी लागतात. भाऊंचं यंत्र जुनं, म्हणून वाचलो.) यंत्र बंद केलं की हे सगळं विसरतं, दर सकाळी नव्याने सांगावं लागतं, म्हणून तो हुकूम सुरुवातीच्या फाइलीतच लिहून ठेवला.

भाऊंनी रुमाल काढला. अंगठा दाबला. फाइल उघडली.

“हे तं व्हाउचरवरच्या दुरुस्तीसारखं झालं!” म्हणाले. मग त्यांनी कागद घेतला, जुनी यादी लिहिली, आठावर एक सरळ रेघ मारली, वर १ लिहिला, बाजूला आद्याक्षरी केली, तारीख घातली, आणि तो कागद यंत्राच्या डब्याला चिकटवून एक्केचाळिसावं पान काढलं.