तेजी-मंदीचे चक्र : इब्न खल्दून ते कोंद्रातिएव

जगाच्या अर्थव्यवस्थेची गती मंदावली की एकच प्रश्न विचारला जातो : तेजी परत कधी येणार? जणू तेजी म्हणजे मृगाचा पाऊस, आज ना उद्या येणारच! म्हणूनच उत्कर्ष आणि उतरणीचे चक्र शोधणाऱ्या दोन विचारवंतांचे म्हणणे समजून घेतले पाहिजे.

इब्न खल्दून यांचा जन्म १३३२ साली ट्युनिसमध्ये झाला. प्लेगच्या साथीत त्यांचे आई-वडील दगावले. उत्तर आफ्रिकेतील राजवटी उभ्या राहताना आणि कोसळताना त्यांनी जवळून पाहिल्या. १३७७ मध्ये लिहिलेल्या ‘मुकद्दिमा’त ते सांगतात की, सत्ता नवी असते तेव्हा कर हलके असतात, लोक उमेदीने शेती-व्यापार करतात आणि खजिना भरतो. पुढच्या पिढ्या ऐषारामात रमतात, खर्च वाढतो, करही वाढतात. मग लोकांची कष्टाची उमेदच मरते आणि कर जास्त असूनही उत्पन्न घटते. राजघराण्याचे आयुष्य त्यांनी साधारण तीन पिढ्यांचे मानले. जुलूम हेच मुलूख उजाड होण्याचे कारण, असेही त्यांनी बजावले.

त्यानंतर सुमारे साडेपाचशे वर्षांनी मॉस्कोत निकोलाय कोंद्रातिएव यांनी इंग्लंड, फ्रान्स आणि अमेरिकेतील किमती, व्याजदर, मजुरी आणि कोळसा-लोखंडाचे उत्पादन तपासले. त्यात त्यांना सुमारे पन्नास वर्षांच्या लाटा दिसल्या. १९२५ मध्ये त्यांनी हा सिद्धांत मांडला. भांडवलशाही मंदीत बुडूनही पुन्हा वर येते, असा त्याचा अर्थ निघत होता. सोव्हिएत सत्तेला हे रुचले नाही; शेतीविषयीची त्यांची मतेही खुपत होती. १९३० मध्ये त्यांना अटक झाली आणि १९३८ मध्ये गोळी घालण्यात आली. पुढच्याच वर्षी शुम्पीटर या अर्थतज्ज्ञाच्या ग्रंथाने या लाटांना कोंद्रातिएव यांचे नाव मिळवून दिले. वाफेचे यंत्र, रेल्वे, वीज अशा नव्या साधनांमुळे लाट उठते, असे शुम्पीटर यांचे म्हणणे होते.

मात्र लाट सर्वांना सारखी उचलत नाही. यंत्राच्या कापडाने मँचेस्टर श्रीमंत झाले, त्याच कापडाने उत्तर भारतातील असंख्य विणकरांच्या हातचे काम गेले. मोमीन-अन्सारी कुटुंबे पोटासाठी दक्षिणेकडे निघाली. १८५७ च्या उठावानंतर त्यांपैकी अनेकजण मालेगाव, भिवंडीत स्थिरावले आणि ही गावे मागांची झाली. जगाच्या आलेखावर जी तेजी दिसते, ती या घरांसाठी परागंदा होण्याची वेळ होती.

कोंद्रातिएव यांच्या हाती जेमतेम अडीच लाटांचे आकडे होते. त्यावरून पुढच्या तेजीचे पंचांग मांडता येत नाही. आज जपान आणि युरोप म्हातारे होत आहेत, २०२२ पासून चीनची लोकसंख्या घटू लागली आहे आणि अनेक देशांवर कर्जाचा डोंगर आहे. तरीही सौरऊर्जा किंवा कृत्रिम बुद्धिमत्ता नवी लाट आणेल, अशी आशा आहे. ती येईलही. पण तेव्हा कोणाचा माग बंद पडेल आणि त्याच्या हाताला दुसरे काम कोण देईल, हे चक्र ठरवत नाही. ते शिक्षण, मजुरी, कर्ज आणि कर यांविषयीच्या सरकारी निर्णयांवर ठरते. हा हिशेब आपण सत्ताधाऱ्यांकडे तेजी येण्याआधीच मागायला हवा.