तांब्यावर कोरलेला नगराभिमान

युरोपातील शहरांची जुनी छापील चित्रे पाहताना आपण सहज विचारतो, 'तेव्हा हे शहर असेच दिसत होते का?' मला वाटते, त्याआधी दुसरा प्रश्न विचारावा. या शहराला आपण कसे दिसावे असे वाटत होते?

१४९३ च्या न्युरेंबर्ग इतिवृत्तात एकच लाकडी ठसा अनेक शहरांची चित्रे म्हणून वापरला होता. पुढे हे चालेना. ज्याला त्याला आपल्या गावाचा स्वतःचा चेहरा हवा होता. १५७२ मध्ये जर्मनीतील कोलोन येथे 'सिव्हिटातेस ऑर्बिस टेरारुम', म्हणजे 'जगातील नगरे', या ग्रंथाचा पहिला खंड निघाला. संपादक होता गेओर्ग ब्राउन नावाचा धर्मोपदेशक आणि तांब्याच्या पत्र्यावर चित्रे कोरणारा मुख्य कारागीर होता फ्रान्स होगेनबेर्ग. १६१७ पर्यंत सहा खंड झाले, नगरदृश्ये पाचशेच्या वर गेली. ज्यांना ग्रंथात आपले गाव सापडणार नाही त्यांनी चित्र पाठवावे, असे ब्राउनने आवाहनच केले होते. वधुपरीक्षेला पाठवायच्या फोटोसारखीच ही गोष्ट. चेहऱ्याची चांगली बाजू पुढे येणारच!

यातली कित्येक दृश्ये पक्ष्याच्या नजरेने पाहिल्यासारखी आहेत. तेव्हा बलूनही नव्हते. चित्रकार जमिनीवर मोजमापे घेई आणि कल्पनेने आकाशात चढे. तटबंदी भक्कम, चर्चचे मनोरे ठळक, वर नगराचे मानचिन्ह. घाण, रोगराई, भिकारी यांना तिथे फारशी जागा नसे. १६११ मध्ये क्लास यान्स फिशरने काढलेल्या ॲम्स्टरडॅमच्या दृश्यात तर नगरदेवता बसली आहे आणि देशोदेशीचे लोक तिला आपला माल अर्पण करीत आहेत. हा नकाशा नव्हे, दरबार आहे.

आपल्या गोव्याचेही असे चित्र आहे. यान हाउखेन व्हान लिन्शोटेन हा डच तरुण १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात आर्चबिशपचा चिटणीस होता. १५९६ मध्ये आलेल्या त्याच्या प्रवासग्रंथात गोव्याचा मोठा कोरीव आराखडा आहे. त्यावरच्या पोर्तुगीज मथळ्यात गोव्याला हिंदुस्थान आणि पूर्वेकडील प्रदेशांची महानगरी म्हटले आहे. रस्ते, चर्च, मांडवीतली गलबते, सारे वैभव त्यात आहे. मात्र त्याच ग्रंथात लिन्शोटेन सांगतो की, गोव्याच्या मुख्य रस्त्यावर रोज लिलाव भरे आणि त्यात गुलाम स्त्री-पुरुष जनावरांसारखे विकले जात. चित्रातला दिमाख कोणाच्या कष्टांवर उभा होता, हे आराखडा सांगत नाही. शेजारचा मजकूर सांगतो.

म्हणून ही चित्रे खोटी ठरवून टाकू नयेत. शहराचा अभिमान कशात होता, हे ती प्रामाणिकपणे सांगतात. कशाची लाज वाटत होती किंवा वाटतच नव्हती, ते मात्र आपल्याला चित्राबाहेर शोधावे लागते.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)