पाणी न साठवणारी धरणं

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, राइट बंधूंच्या डेटन गावाच्या आसपास, मातीची पाच मोठी धरणं आहेत. वर्षातले बहुतेक दिवस त्यांच्यापैकी एकाच्याही मागे पाणी नसतं. इंगलवुड हे सगळ्यांत मोठं. लांबी सुमारे 4,700 फूट, उंची 110 फूट; आणि एवढा बांध घालूनही स्टिलवॉटर नदी त्याच्या पोटातल्या काँक्रीटच्या बोगद्यांतून निवांत निघून जाते. बोगद्यांना दरवाजे नाहीत, त्यामुळे ते कधी उघडायचे आणि कधी बंद करायचे हा प्रश्नही नाही. मागच्या सपाट जमिनीवर शेती चालते. टीएमसी, साठ्याची टक्केवारी आणि विसर्ग या शब्दांवर पावसाळा काढणाऱ्या मराठी माणसाला हा प्रकार अजबच वाटेल.

धरणांवर बसवलेल्या पाट्यांवर बजावून ठेवलं आहे की ही बांधकामं फक्त पूर थोपवण्यासाठी आहेत. वीज किंवा पाणीसाठ्यासाठी कुणी ती वापरली तर खालच्या शहरांच्या जिवावर बेतेल. पुढच्या पिढ्यांना हात शिवशिवतील, हे बांधणाऱ्यांनी ओळखलं होतं.

पण माती आणि काँक्रीट हा या गोष्टीतला सोपा भाग. अवघड होतं ते नऊ काउंट्यांना, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या नऊ स्वतंत्र कारभारांना, एका कागदावर सही करायला लावणं.

ग्रेट मायामी नदीला स्टिलवॉटर, मॅड आणि वुल्फ क्रीक हे तिन्ही प्रवाह डेटनमध्येच किंवा शहराच्या अगदी तोंडाशी येऊन मिळतात. 1796 साली वसाहतवाल्यांनी गाव बसवलं ते नेमकं या संगमावर. एकोणिसाव्या शतकात पूर येत राहिले आणि दर पुरानंतर गावाने आपले तट थोडे उंच केले. वरच्या अंगाला पिक्वा आणि ट्रॉय, खाली मायामिसबर्ग, मिडलटाउन, हॅमिल्टन. प्रत्येक गाव आपापल्या वेशीपुरता बंदोबस्त करत होतं. नदीला मात्र वेस माहीत नव्हती. एका गावाने तट उंच केला की तेच पाणी जास्त जोराने खालच्या गावात शिरायचं.

1913 साली 23 मार्चला ईस्टरचा रविवार होता. त्या दिवशी सुरू झालेल्या पावसाने चार-पाच दिवसांत खोऱ्यात आठ ते अकरा इंच पाणी ओतलं. जमीन आधीच तुडुंब भिजलेली, त्यामुळे बहुतेक पाणी थेट नदीत उतरलं. मंगळवारी, 25 तारखेला सकाळी, डेटनचे तट ओलांडून पाणी बाजारपेठेत घुसलं आणि काही ठिकाणी वीस फुटांपर्यंत चढलं. गॅसच्या नळ्या फुटून आगी लागल्या. चहूकडे पाणी असून विझवायला पाणी नाही, अशी गत झाली. लोक माळ्यांवर आणि छपरांवर अडकून पडले. ऑर्व्हिल राइटच्या घरामागच्या शेडमध्ये ठेवलेल्या काचेच्या निगेटिव्हही पाण्याखाली गेल्या. पहिल्या विमानोड्डाणाच्या जगप्रसिद्ध छायाचित्राच्या काचेला तेव्हा बसलेला मार आजही दिसतो. हॅमिल्टनमधले नदीवरचे चारही पूल वाहून गेले. साऱ्या खोऱ्यात साडेतीनशेहून जास्त माणसं दगावली आणि नुकसानीचा आकडा त्या काळच्या 10 कोटी डॉलरच्या पुढे गेला.

या धांदलीत एक माणूस चमकला: नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीचा मालक जॉन पॅटरसन. महिनाभरापूर्वीच त्याला मक्तेदारीच्या खटल्यात एक वर्षाच्या कैदेची शिक्षा झाली होती आणि तो अपिलात होता. त्याचा कारखाना उंचावर होता. तिथल्या सुतारकामाच्या खात्यात त्याने सपाट तळाच्या होड्या बनवायला घेतल्या आणि शेकड्यांनी पाण्यात सोडल्या. कारखान्यातच लंगर आणि निवारा उघडला. पुढे अपिलात शिक्षा रद्द झाली. पुण्य कामाला आलं की वकील, हे ज्याने त्याने ठरवावं.

पाणी ओसरल्यावर डेटनकरांनी पुरात अडकून काढलेल्या तासांची आठवण देणारी एक घोषणा काढली: माळ्यावर बसून जे कबूल केलंत ते विसरू नका. मे महिन्यात जेमतेम दहा दिवसांत वीस लाख डॉलरहून अधिक निधी लोकवर्गणीतून उभा राहिला, तोही घरात अजून चिखल असताना. त्याच वर्षी गावाने नगराचा कारभार पक्षांच्या पुढाऱ्यांकडून काढून व्यावसायिक व्यवस्थापकाकडे सोपवायचं ठरवलं. जानेवारी 1914पासून अशी पद्धत स्वीकारणारं डेटन हे अमेरिकेतलं पहिलं मोठं शहर ठरलं.

निधी जमला तो डेटनच्या बचावासाठी. त्यातून आर्थर मॉर्गन या अभियंत्याला बोलावण्यात आलं. मॉर्गनकडे अभियांत्रिकीची पदवी नव्हती. मिनेसोटातल्या सेंट क्लाउड गावी वडिलांच्या हाताखाली जमीन मोजता मोजता तो ही विद्या शिकला होता. डेटनमधलं नदीचं पात्र रुंद आणि खोल करावं, ही लोकांची अपेक्षा. मॉर्गनने हिशेब मांडला आणि सांगितलं की 1913चं पाणी सामावेल एवढं पात्र करायचं तर निम्मी बाजारपेठ पाडावी लागेल, आणि तरी खालच्या गावांचं काय? पाणी वरच अडवलं पाहिजे, आणि तेही सगळ्या उपनद्यांवर. अमेरिकेतल्या मोठ्या वादळी पावसांच्या नोंदी त्याने गोळा करवल्या, युरोपातल्या नद्यांच्या शतकानुशतकांच्या पुरांचा अभ्यास करवला. फ्रान्समध्ये ल्वार नदीवर पिने इथे अठराव्या शतकापासून एक बांध पुराचं पाणी अरुंद वाटेने सोडत उभा होता, तोही दाखला होताच. अखेर 1913च्या पुराहून सुमारे 40 टक्के मोठा पूर धरून आराखडा तयार झाला.

इथे अडचण कायद्याची आली. डेटनची नगरपालिका दुसऱ्या काउंटीतल्या शेतात धरण कसं बांधणार? जमीन कोण घेणार, कर्ज कुणाच्या नावावर? म्हणून डेटनचे वयोवृद्ध वकील जॉन मॅकमहन यांच्या पुढाकाराने नवा कायदा लिहिला गेला, आणि फेब्रुवारी 1914मध्ये गव्हर्नर जेम्स कॉक्स यांनी त्यावर सही केली. कॉक्स हेही डेटनचेच, तिथल्या वर्तमानपत्राचे मालक. काउंट्यांच्या हद्दी ओलांडून सगळ्या खोऱ्याचा एक जिल्हा करता येईल, त्याला जमीन घेण्याचा, कर्जरोखे काढण्याचा आणि आकारणी बसवण्याचा अधिकार राहील, अशी तरतूद त्यात होती.

वरच्या अंगाचे शेतकरी खवळले. त्यांचं म्हणणं साधं होतं: बुडालं डेटन, मग जमीन आमची का जावी? उंच धरणाची धास्तीही खरी होती. पेनसिल्व्हेनियात 1889 साली जॉन्सटाउनवरचं धरण फुटून 2,200हून अधिक माणसं गेली होती. आणि 1913च्या पुरात ‘धरण फुटलं’ या नुसत्या आवईने शेजारच्या कोलंबस शहरात लोक सैरावैरा धावत सुटले होते. विनोदी लेखक जेम्स थर्बरने पुढे त्या पळापळीवर एक धमाल लेख लिहिला. विरोधकांनी कायदा मोडीत काढायचे प्रयत्न केले, सभा गाजवल्या, कोर्टात गेले. डेटनचे धनिक आपल्या गावासाठी अख्खं खोरं वेठीला धरताहेत, हा आरोप अगदीच हवेतला नव्हता. योजनेचा मुख्य आधार एडवर्ड डीड्स हा उद्योगपती होता आणि सुरुवातीचा पैसाही डेटनचाच होता.

यातून वाट निघाली ती तीन गोष्टींमुळे. निर्णय शेवटी नऊ काउंट्यांच्या न्यायाधीशांच्या संयुक्त न्यायालयाकडे होता, प्रत्येक काउंटीचा एक न्यायाधीश. म्हणजे कज्जेदारांना आपला माणूस आत बसलेला दिसत होता. दुसरं, जमीन गेली त्याला भरपाई, आणि बरीचशी जमीन ‘पूर आला तर पाणी साचेल’ या बोजासह पुन्हा शेतकऱ्यांनाच विकली गेली. तिसरी गोष्ट सगळ्यांत धूर्त: खर्च लाभ होणाऱ्याने सोसायचा. राज्याकडे किंवा वॉशिंग्टनकडे हात पसरायचा नाही.

लाभ मोजायचा कसा? मूल्यमापक घरोघर, दुकानोदुकानी फिरले. 1913 साली या भिंतीवर पाणी कुठवर आलं होतं, हा त्यांचा कळीचा प्रश्न. जितकं पाणी खोल तितका लाभ मोठा, आणि तितकी आकारणी जास्त. तळघर भिजलेल्याने थोडं द्यावं, छत बुडालेल्याने पुष्कळ. नगरपालिका आणि काउंट्यांच्या नावेही वाटा लागला. अशा सुमारे 77 हजार मालमत्ता नोंदवल्या गेल्या.

28 जून 1915 रोजी न्यायालयाने ‘मायामी कॉन्झर्व्हन्सी डिस्ट्रिक्ट’ला मान्यता दिली. पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही कायदा वैध ठरवला. 1918 साली, महायुद्धाच्या टंचाईत, काम सुरू झालं. मॉर्गनने धरणांच्या जागी मजुरांसाठी नुसत्या राहुट्या न टाकता छोटी गावंच वसवली: नळाचं पाणी, वीज, मुलांना शाळा. 1922पर्यंत पाचही धरणं उभी राहिली. खर्च तीन कोटी डॉलरच्या वर गेला. 1949पर्यंत कर्जरोखे फिटले.

ऑसबोर्न या गावाचा वाटा मात्र कुणालाच पैशात नीट मांडता आला नसता. पाचांपैकी हफमन या धरणाच्या फुगवट्यात ते अख्खं गाव येत होतं. गावकऱ्यांनी पांगण्यापेक्षा गाव उचलायचं ठरवलं. सुमारे चारशे घरं पायापासून सुटी करून दोन-तीन मैलांवर फेअरफील्डच्या शेजारी नेऊन ठेवली. शेजारी शेजारीच राहिले, फक्त रस्ता नवा. 1950 साली दोन्ही गावं एक झाली आणि दोघांच्या नावांतून ‘फेअरबोर्न’ हे नाव निघालं.

तेव्हापासून या धरणांनी दोन हजारांहून अधिक वेळा पुराचं पाणी अडवून हळूहळू सोडलं आहे. सर्वांत मोठा साठा जानेवारी 1959चा. तरी हा नमुना देशभर पसरला नाही. 1936च्या कायद्याने पूरनियंत्रण केंद्र सरकारने अंगावर घेतलं, आणि दुसऱ्याच्या पैशाने धरण मिळत असताना आपल्या घरावर आकारणी कोण मागून घेईल? 2000 साली पुन्हा थोडं चक्र उलटलं: आपत्ती-निवारणाचा केंद्रीय निधी हवा असेल तर स्थानिक संस्थांनी आधी आराखडा केला पाहिजे, आणि अनेक संस्थांनी मिळून एकच केला तरी चालेल, असं नवा कायदा म्हणाला.

मॉर्गन पुढे 1933 साली टेनेसी खोरे प्राधिकरणाचा पहिला अध्यक्ष झाला, आणि पाच वर्षांत राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्याला पदावरून दूर केलं. त्याच टेनेसीच्या धर्तीवर 1948 साली आपल्याकडे दामोदर खोरे महामंडळ आलं. वीज, सिंचन आणि पूर तिन्ही एकाच धरणांकडून मागणारं, म्हणजे डेटनच्या पाट्यांनी ज्याची धास्ती घेतली होती नेमकं तेच. गंमत म्हणजे त्याच वर्षी मॉर्गन स्वतः भारतात होता, पण धरणांसाठी नव्हे. डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालच्या विद्यापीठ शिक्षण आयोगाचा तो सदस्य होता. ग्रामीण विद्यापीठांच्या शिफारशीमागे त्याचाच आग्रह होता. स्वतः पदवी नसलेल्या माणसाने भारताच्या पदव्यांचा विचार केला.

मायामी खोऱ्यातला वाद अजून मिटलेला नाही. धरणं शंभरी ओलांडून गेली, दुरुस्त्या निघाल्या, तटांना पैसा हवा झाला. मालमत्तांचं नव्याने मूल्यांकन होऊन 2024 साली अनेकांच्या आकारणीचे आकडे भरमसाट वाढले. या वेळी ओरड उठली ती खालच्या अंगाच्या हॅमिल्टन आणि मिडलटाउनमधून, जी गावं 1913 साली स्वतः पुरात सापडली होती. ज्यांनी पूर पाहिला त्यांची नातवंडंही आता म्हातारी झाली आहेत. भिंतीवरची पाण्याची खूण कधीच रंगवली गेली आहे आणि हातात फक्त बिल आहे. सभा झाल्या, आमदारांनी लक्ष घातलं, आणि नऊ काउंट्यांच्या त्याच न्यायालयापुढे प्रश्न येऊन वाढ तूर्त थांबवावी लागली.