वाफ आणि कढई : हिरव्या चहाची कुळकथा

झाडावरून खुडलेलं चहाचं पान लगेच बदलू लागतं. चिरून ठेवलेलं वांगं ज्या विकरामुळे काळं पडतं, त्याच कुळातलं विकर चहाच्या पानातही असतं. पान चुरगळलं आणि त्याला हवा लागली की विकर कामाला लागतं आणि पान तांबूस होत जातं. हे होऊ दिलं तर काळा चहा तयार होतो. वेळेत आच दिली तर विकर निकामी होतं आणि पान हिरवं राहतं. ही आच देण्याच्या मुख्य रीती दोन : पान वाफवायचं किंवा तापलेल्या कढईत परतायचं. जगातल्या बहुतेक हिरव्या चहांची घराणी या दोन रीतींतून निघाली आहेत. कपातून पहिल्यांदा येणारा वास सांगतो तो चहाचं घराणं. देश, मळा, हंगाम या गोष्टी त्यानंतर कळतात.

हे ठाऊक नसलं की चाखणारा अन्याय करतो. जपानी सेंचाला समुद्री शेवाळाचा वास येतो म्हणून तो बिघडलेला ठरवणारे आणि चिनी लोंगजिंगचा रंग फिका म्हणून त्याला बेचव म्हणणारे, दोघेही एकाचं माप दुसऱ्याला लावत असतात. म्हणून ही कुळकथा.

घराण्यांत थोरली वाफ. चीनमध्ये आठव्या शतकात, थांग राजवटीत, लू यूनं ‘चा चिंग’ हा चहावरचा ग्रंथ लिहिला. त्यातला चहा आज आपल्याला ओळखू येणार नाही. पानं वाफवायची, उखळात कुटायची, साच्यात दाबून त्यांच्या वड्या करायच्या, त्या वाळवून ओवून ठेवायच्या. प्यायच्या वेळी वडी शेकून तिची पूड करायची आणि ती मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात टाकायची. कांद्याची पात, आलं, संत्र्याची साल असलं काही चहात घालणाऱ्यांवर लू यूचा फार राग होता. कढईत परतलेल्या चहाचा उल्लेख थांग काळातल्या एका कवितेतही सापडतो, पण मान वाफवलेल्या वडीचाच होता.

पुढे सोंग दरबारात ही वडी फारच नाजूक झाली. फूच्येन प्रांतातल्या पेईयुआन इथल्या शाही मळ्यांत वाफवलेली पानं दाबून त्यांचा रस काढून टाकत, मग पाणी घालून घोटत आणि त्या लगद्याच्या ड्रॅगन-फिनिक्सचे ठसे असलेल्या वड्या पाडत. या वडीची पूड वाडग्यात घेऊन बांबूच्या घुसळणीनं फेस येईपर्यंत फेटायची. सम्राट ह्वेत्सोंगनं स्वतः चहावर एक ग्रंथ लिहिला, त्यात या फेसाचं बारकाईनं वर्णन आहे. सुटी पानं तेव्हाही होती, पण ती साध्या लोकांची. दरबारी वडीच्या कौतुकामागे किती हात राबत असतील, हे नुसती कृती वाचूनही कळतं.

वडीचा मान उतरवला तो एका शेतकऱ्याच्या मुलानं. मिंग घराण्याचा संस्थापक होंगवू सम्राट गरिबीत वाढला होता. १३९१ साली त्यानं हुकूम काढला की दरबाराला नजराण्यात चहाच्या वड्या पाठवू नयेत, सुटे कोंब पाठवावेत. कारण, वड्या करण्यात रयत पिळून निघते. चहाच्या इतिहासात एवढा परिणाम करणारा दुसरा हुकूम मला माहीत नाही. आज आपण सुटी पानं पाण्यात टाकतो, ती उलगडताना पाहतो, किटलीतून चहा गाळून घेतो, त्या रीतीला राजमान्यता इथून मिळाली. कुटायचं नाही, पूड करायची नाही, तर पान अखंड हवं आणि चव त्यातून सावकाश पाण्यात उतरायला हवी. या कामाला कढई जास्त सोयीची ठरली. परतलेल्या पानाला भाजल्याचा सुवास येतो, शिवाय हातानं दाबून-फिरवून त्याला हवा तो आकार देता येतो.

मिंग काळातल्या लेखकांनी कढईवर किती जीव लावला होता! श्यू त्सशू यानं १५९७ साली लिहिलेल्या पुस्तकातल्या सूचना अशा : नवी लोखंडी कढई नको, तेला-चरबीचा वास लागलेली तर मुळीच नको. जळणाला बारीक फांद्या घ्याव्यात, खोड किंवा पाला घेऊ नये. एका वेळी थोडीच पानं टाकावीत, आणि खुडली की लगेच परतावीत. चहाच्या कढईत दुसरं काही शिजवू नये, हे तर आपल्या घरातल्या कुणालाही पटेल. आनह्वे प्रांतातल्या सोंगलुओ डोंगरावरचा परतलेला चहा तेव्हा इतका नावाजला की त्याची रीत आसपासच्या प्रांतांनी उचलली. हाच चहा पुढे ‘सिंगलो’ नावानं इंग्रजांच्या जहाजांवर चढला. १७७३ साली अमेरिकेतल्या बोस्टन बंदरात चहाच्या ज्या पेट्या निषेध म्हणून समुद्रात फेकल्या गेल्या, त्यांत काळ्या चहाबरोबर हिरव्या सिंगलोच्याही पेट्या होत्या.

पश्चिमेला मात्र हा चहा बराच काळ नीट कळला नाही. लिनियस या वनस्पतिशास्त्रज्ञानं हिरव्या आणि काळ्या चहाची झाडंच दोन वेगळ्या जातींची मानली. झाड एकच आहे आणि फरक करणीचा आहे, हे रॉबर्ट फॉर्च्यून या स्कॉटिश वनस्पतितज्ज्ञानं चीनमध्ये जाऊन पाहिलं. १८४८ साली तो वेश पालटून सोंगलुओच्या मुलखात शिरला. तिथे त्यानं आणखी एक गोष्ट पाहिली : परदेशी जाणाऱ्या हिरव्या चहाला प्रशियन ब्लू हा निळा रंग आणि जिप्सम यांची पूड चोळली जात होती. त्याच्या हिशेबानं अशा शंभर पौंड चहामागे अर्ध्या पौंडाहून जास्त रंग आणि जिप्सम पिणाऱ्याच्या पोटात जात होतं. परदेशी गिऱ्हाइकाला पान हिरवंगार दिसायला हवं होतं, म्हणून ही रंगसफेदी. खरं तर कढईत नीट परतलेलं पान असं गडद हिरवं दिसत नाही. उत्तम लोंगजिंग पिवळसर झाक असलेला असतो. नुसता रंग पाहून चहा निवडणं किती महागात पडतं, याचं यापेक्षा ठळक उदाहरण नाही.

मग चीनमध्ये मागे पडलेल्या वाफेचं काय झालं? ती जपानमध्ये टिकली. एइसाई हा भिक्षू ११९१ साली चीनहून परतला तो चहाचं बी आणि सोंग काळातली पूड फेटण्याची रीत घेऊन. चीननं रीत बदलली तरी जपाननं ती सांभाळली. आजचा माच्चा त्याच वाटेवरचा. १६५४ साली इंगेन हा चिनी भिक्षू जपानला आला. उजी इथे त्याचा मठ उभा राहिला आणि त्याच्या मंडळींबरोबर पानं गरम पाण्यात मुरवण्याची मिंग रीत रुजली. आता माच्चासाठी वाफवलेली कोवळी पानं होती आणि मुरवण्याची रीतही होती, पण दोन्ही एकत्र आली नव्हती.

ती आणली नागातानी सोएन या शेतकऱ्यानं. उजीजवळच्या युयादानी गावात, १७३८ साली. कोवळी पानं वाफवायची आणि मग कागद चिकटवलेल्या तापत्या ओट्यावर हातानं चोळत-चोळत वाळवायची, ही रीत त्यानं बसवली. पंधरा वर्षं तो यामागे होता असं सांगतात. चोळल्यामुळे पान सुईसारखं बारीक झालं आणि पाण्यात पडताच त्यातून हिरवा रंग आणि गोडवा उतरू लागला. हा चहा घेऊन तो एदोला, म्हणजे आजच्या तोक्योला गेला आणि यामामोतो काहेई या व्यापाऱ्यानं तो विकायला घेतला. आज आपण ज्याला सेंचा म्हणतो तो हाच. त्यातली वाफ थांग काळाची, मुरवणं मिंग काळाचं आणि चोळणं युयादानीचं. चीननं दोन वेगळ्या युगांत पिऊन सोडलेला आणि धरलेला चहा एका जपानी खेड्यात एकत्र आला, हे मला या साऱ्या इतिहासातलं सर्वांत सुंदर पान वाटतं.

याच यामामोतो घराण्याशी १८३५ सालच्या ग्योकुरो या चहाचंही नाव जोडलेलं आहे. खुडणीआधी सुमारे तीन आठवडे झाडांवर सावली धरायची. ऊन कमी मिळालं की पानातलं थियानिन हे अमिनो आम्ल कमी खर्च होतं, तुरट द्रव्यं कमी तयार होतात आणि चहाला एक दाट, रश्श्यासारखी गोडी येते. थियानिन प्रथम वेगळं काढलं गेलं तेही ग्योकुरोमधूनच, १९४९ साली.

घराण्यांना अपवाद आहेत आणि चाखणाऱ्यानं ते मुद्दाम शोधावेत. चीनच्या हूपेई प्रांतातला एन्शी युलू अजून वाफवला जातो. जपानच्या क्यूशू बेटावर उरेशिनोला कढईत परतलेला कामाइरिचा मिळतो. सेंचाची सवय असलेल्याला त्याचा शेंगदाण्याकडे झुकणारा वास चकित करतो. कोरियात पानं परतणं आणि चोळणं आलटून-पालटून अनेकदा करतात, त्यामुळे त्यांच्या सेजाक या चहामध्ये भाजक्या धान्याचा वास येतो. चीनच्या चज्यांग प्रांतातला गोळीदार गनपावडर चहा मोरोक्कोत पुदिना आणि भरपूर साखरेबरोबर उकळतात. त्या पानाला तेच शोभतं. नुसता प्यायला तो मला कडक वाटतो.

चीनमध्ये चहाची अधिकृत पारख करताना ३ ग्रॅम पान, १५० मिलिलिटर उकळतं पाणी, ४ मिनिटं असं प्रमाण धरतात. हिरव्या चहाच्या शंभर गुणांत दिसण्याला २५, रसाच्या रंगाला १०, वासाला २५, चवीला ३० आणि मुरलेल्या पानाला १०. उकळतं पाणी दोष लपू देत नाही, म्हणून परीक्षेला ते घ्यायचं. प्यायला मात्र सेंचाला ७० ते ८० अंश आणि ग्योकुरोला ५० ते ६० अंश पुरे, कारण तुरट द्रव्यं गरम पाण्यात झपाट्यानं उतरतात. मुरलेल्या पानाचे ते शेवटचे १० गुण मला फार महत्त्वाचे वाटतात. पान बशीत पसरून पाहा. देठ लालसर असतील तर आच उशिरा किंवा कमी लागली. कडेला काळे डाग असतील तर कढई जास्त तापली होती. करणाऱ्याच्या हाताची साक्ष तिथे सापडते. हिरव्या चहाच्या पाण्यात बुडवायच्या पुड्यांत बहुधा पानांचा चुरा असतो, म्हणून त्यात ही साक्ष मिळत नाही, आणि चुऱ्यातून तुरटपणा भराभर उतरतो. ग्रीन टी म्हणजे वजन उतरवायचं कडू औषध, अशी आपल्याकडे अनेकांची समजूत झाली ती अशा पुड्यांमुळे आणि उकळत्या पाण्यामुळे.

सुरुवात करायला परदेशी पान मागवायची गरज नाही. १८५२ साली हिमाचलातल्या पालमपूरजवळ होल्टा इथे चिनी जातीच्या झाडांचा मळा उभा राहिला आणि कांगडा खोऱ्यात चहा रुजला. इथला हिरवा चहा अमृतसरच्या व्यापाऱ्यांमार्फत काश्मीर आणि अफगाणिस्तानात जात असे. ४ एप्रिल १९०५च्या भूकंपानं मळे आणि कारखाने उद्ध्वस्त केले आणि अनेक इंग्रज मळेवाले निघून गेले. तरी छोट्या बागायतदारांनी झाडं राखली. २००५ साली या चहाला भौगोलिक मानांकन मिळालं. एप्रिलच्या खुडणीचा कांगडा हिरवा चहा सुट्या पानांचा घ्या, पाणी उकळून थोडं निवू द्या, तीन मिनिटं मुरवा. आणि विकणाऱ्याला एवढं जरूर विचारा : पान वाफवलेलं आहे की कढईत परतलेलं?